उचल्या : शिवी आणि शीर्षक

हैदराबादच्या एका वर्गात अनुवाद शिकवत होते. कुणाचा तरी मोबाइल सापडेना. मागच्या बाकावरून एका मुलाने एका भटक्या जमातीचे नाव घेतले आणि "त्यांच्यातलं कुणी वर्गात नाही ना?" असे विचारले. चारदोन जण हसले. "अशी भाषा नको," एवढे बोलून मी पुढे शिकवू लागले. मोबाइल त्याच्याच पिशवीत निघाला. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र उरलेला तास मान खाली घालून बसली होती.

मी शब्द थांबवला, त्यामागचा समज तसाच राहू दिला. त्या समजाला इतिहास आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातच्या जमात गुन्हेगार ठरवायची, माणसांची नोंद करायची, हजेरी घ्यायची, परवान्याशिवाय हलू द्यायचे नाही. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११ नंतर दक्षिणेतही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. १९५२ साली कायदा रद्द होऊन या जमाती 'विमुक्त' ठरल्या. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची, गावाची नजर तीच राहिली.

पुढच्या तासाला मी लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' घेऊन गेले. या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी अनुवादाचे नाव 'द ब्रँडेड'. दोन्ही शीर्षके फळ्यावर लिहिली. 'उचल्या' म्हणजे उचलणारा. दोष त्या माणसाच्या हाताला चिकटतो. 'ब्रँडेड' म्हणजे डागलेला. डागणारा कुणी दुसरा आहे, हे त्यात येते. मग मुलांना विचारले, लेखकाने मराठीत तोच शब्द का ठेवला? चर्चा रंगली. लेखक स्वतः तो शब्द पुस्तकावर लिहितो तेव्हा ती साक्ष असते, मागच्या बाकावरून फेकला की शिवी होते, इथवर मुलेच आली. कुणालाही "तुझा अनुभव सांग" असे मी म्हटले नाही. आपली जखम वर्गाला दाखवणे हा कुणाचा गृहपाठ नव्हे.

तास संपल्यावर तो मुलगा थांबला. "आमच्या घरी सगळे असंच बोलतात, मॅडम," म्हणाला. त्याने पुस्तक मागून नेले.

ती मुलगी त्या दिवशी आली नव्हती. हे सगळे मी आदल्या दिवशीच, तिच्या देखत बोलायला हवे होते.