टेम्पररी टेबलातला नंबर 1

मंडळी, या वीकेंडला जरा जुनं उकरून काढतोय. मायएसक्यूएलवर वाढलेल्यांना ऑटो इन्क्रिमेंट गृहीतच वाटतं. रो टाकली की नंबर आपोआप पडतो! एसक्यूएल सर्व्हरमध्ये हीच सोय 'आयडेंटिटी' नावाने 6.0 मध्ये, 1995 साली आली. ओरॅकलमध्ये मात्र 2013 मध्ये 12सी येईपर्यंत ती नव्हतीच.

तिथे नंबर देणारा सीक्वेन्स टेबलापासून वेगळा. मग 'बिफोर इन्सर्ट' ट्रिगर लिहायचा, 'डुअल' नावाच्या एका रोच्या टेबलातून पुढचा नंबर सिलेक्ट करायचा आणि नव्या रोमध्ये भरायचा. (2007 च्या 11जी पासून डुअलची गरज संपली.) साध्या टेबलांना एवढं पुरायचं. एसक्यूएल सर्व्हरवरून मायग्रेशन करताना खरी गंमत व्हायची ती टेम्पररी टेबलांत.

एसक्यूएल सर्व्हरच्या प्रोसिजरमध्ये बनवलेलं टेम्पररी टेबल प्रोसिजर संपली की नाहीसं होतं, म्हणून आयडेंटिटी दरवेळी 1 पासून. ओरॅकलचं ग्लोबल टेम्पररी टेबल (8आय, 1999) एकदाच बनवून ठेवायचं; आतला डेटा तेवढा ज्याच्या त्याच्या सेशनचा. त्यावर ट्रिगर बसतो, पण सीक्वेन्स सगळ्यांना मिळून एकच. बँकेतल्या टोकन मशीनसारखा. आधी चाळीस जण येऊन गेले तर तुमचा नंबर 41.

आता समजा पगाराची प्रोसिजर आहे. 200 कर्मचारी टेम्पररी टेबलात भरायचे, 1 ते 200 लूप फिरवायचा, एकेकाचा पगार अपडेट करायचा. पहिल्या टेस्टिंगला सगळं चोख! दुसऱ्यांदा चालवली की नंबर सुरू 201 पासून आणि लूप आपला 1 ते 200... अपडेटला एकही रो सापडत नाही आणि ओरॅकल त्याला एरर मानत नाही. लाल अक्षर कुठेच नाही, पगारही कुणाचाच नाही.

यावर मला पटणारा तोडगा म्हणजे पॅकेजमधलं व्हेरिएबल. ते सेशनपुरतंच असतं, त्यामुळे ट्रिगरने सीक्वेन्सऐवजी तेच एकने वाढवायचं आणि प्रोसिजरच्या पहिल्याच ओळीत शून्य करायचं. (खरं तर असले बरेच लूप एका अपडेटमध्ये मावतात, पण मायग्रेशनमध्ये कोड नव्याने लिहायला वेळ कोण देतो!)

12सी ने आयडेंटिटीबरोबर सेशन सीक्वेन्सही दिला, खास अशाच टेबलांसाठी. पण तो नव्याने सुरू होतो सेशनबरोबर, प्रोसिजरबरोबर नाही. आणि कनेक्शन पूलमध्ये एकच सेशन दिवसभर जिवंत असतं. म्हणजे दुपारी दुसऱ्यांदा चालवली की पुन्हा 201.