आर्यनायकम, ई. डब्ल्यू.

मूळचे श्रीलंकेतील तमिळ शिक्षणतज्ज्ञ. वर्ध्याजवळील सेवाग्रामच्या ‘नई तालीम’ या गांधीप्रणीत शिक्षणपद्धतीचे प्रमुख संघटक. शांतिनिकेतनात ते अध्यापक व रवींद्रनाथ टागोरांचे सचिव होते. १९३० च्या रशिया दौऱ्यात ते टागोरांबरोबर होते. शांतिनिकेतनातील सहकारी आशादेवी यांच्याशी विवाहानंतर दोघेही वर्ध्याला आले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात म. गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तेथे नेमलेल्या झाकिर हुसेन समितीचे आर्यनायकम निमंत्रक होते. समितीने ७ ते १४ वयोगटासाठी मातृभाषेतून सक्तीचे, मोफत आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण सुचवले. साडेपाच तासांच्या शालेय दिवसात ३ तास २० मिनिटे उद्योगाला होती. कताईतून गणित, कपाशीतून शेतीशास्त्र व भूगोल असा समवाय (उद्योग व विषयांची सांगड) अपेक्षित होता. मुलांनी काढलेल्या सुताच्या विक्रीतून शिक्षकाचे वेतन निघावे, ही गांधींची अपेक्षा मात्र सर्वाधिक वादग्रस्त ठरली. ‘शाळेचा कारखाना होईल’ हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता.

नई तालीमचे काम पाहणाऱ्या हिंदुस्थानी तालिमी संघाचे मंत्री या नात्याने आर्यनायकम यांनी सेवाग्रामात बुनियादी (मूलोद्योगी) शाळा आणि शिक्षक-प्रशिक्षण उभे केले. पुढे पूर्व-बुनियादी व उत्तर-बुनियादी वर्गही आले. आजच्या व्यवसाय शिक्षणाशी या प्रयोगाची गल्लत करू नये. येथे उद्योग हा नोकरीची तयारी नसून शिकवण्याचे माध्यम होता. ही पद्धत स्वीकारलेल्या सरकारी शाळांत नेमके हेच हरवले आणि टकळी तेवढी उरली.

१९५९ मध्ये तालिमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला.