ऑनलाइन लिलावातून जुनी पेटी घेताय? आधी हे तपासा

न्यू जर्सीला राहणाऱ्या मावसबहिणीला हार्मोनियम हवी होती. भारतातून पेटी पाठवायचं भाडं ऐकूनच आम्ही गार झालो, म्हणून तिकडच्याच एका लिलाव साइटवर जुनी बघितली. शोधाशोध माझ्याकडे होती. फोटो झकास होते. लिलाव जिंकल्यावर विक्रेता म्हणाला, "साइटचं कमिशन वाचवू, पेपालच्या फ्रेंड्स अँड फॅमिलीने पाठवा, थोडे कमी घेतो." आम्ही पाठवले. पेटी आली तर भात्यातून हवा गळतेय आणि एक पट्टी न दाबताच वाजतेय! तक्रार करायला गेलो तेव्हा कळलं, की त्या पर्यायाने पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षणच नसतं.

तेव्हा पहिली गोष्ट: पैसे साइटवरच भरा. ईबेवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर साधारणपणे डिलिव्हरीच्या अंदाजे तारखेपासून 30 दिवसांत पैसे परत मागता येतात, पण व्यवहार साइटवर झालेला असेल तरच. पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

आता पेटीचं. फोटोवरून लाकूड कळतं, सूर कळत नाही. म्हणून बोली लावण्याआधी विक्रेत्याकडे व्हिडिओ मागा. एकही पट्टी न दाबता भाता मारायला सांगा. आत हवा भरली की भाता जड होऊन अडायला हवा. सहज चालतच राहिला तर कुठेतरी गळती आहे, आणि याच वेळी आवाज आला तर पट्टीखालची झडप नीट बसत नाहीये. मग खालपासून वरपर्यंत प्रत्येक पांढरी-काळी पट्टी दोन-तीन सेकंद धरून वाजवायला सांगा. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप शेजारी चालू असेल तर उत्तम. सगळी पेटी सारखीच थोडी उतरलेली असेल तर एकट्याने वाजवणाऱ्याला चालून जातं. एक स्वर चढा, एक उतरलेला असेल तर मात्र ट्यूनिंगचा खर्च धरा. हे काम पितळी सुरांना हाताने घासून करतात, आणि परदेशात असा कारागीर मिळणं हीच खरी अडचण. स्केल चेंजर असेल तर तो पूर्ण सरकवून दाखवायला सांगा.

एवढं करायला जो टाळाटाळ करतो, त्याची पेटी मी सोडून देतो. पेटी खरंच त्याच्याकडे आहे ना, हे बघायला आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी वर ठेवून फोटो मागा. लिस्टिंगमधले फोटो गूगल लेन्समध्ये टाकले तर चोरलेले असल्यास बऱ्याचदा सापडतात.

बोलीचं तंत्र सोपं आहे. ईबेवर तुम्ही कमाल रक्कम टाकता आणि यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. त्या कमाल रकमेत शिपिंग आणि दुरुस्ती आधीच वजा करा, कारण लावलेली बोली सहसा मागे घेता येत नाही. शेवटच्या मिनिटाला चढाओढ लागली तर फोन खाली ठेवा. (हे मला अजून जमत नाही.)

भारतात जुनी वाद्यं बहुतेक जाहिरातींतून विकली जातात, लिलावात नाही. तिथे टोकन ॲडव्हान्स देऊ नका. जाऊन पेटी वाजवा, मगच पैसे द्या. फसलातच तर लगेच 1930 ला फोन लावा.