नव्या गेमिंग कन्सोलचे यश आणि गेमचे वेळापत्रक

जबलपूर : नवा गेमिंग कन्सोल यशस्वी होणार की नाही, हे त्याच्या तांत्रिक क्षमतेइतकेच त्यावरील गेम केव्हा उपलब्ध होतात यावरही अवलंबून असते. पहिल्या वर्षात प्रमुख गेमचा क्रम खंडित झाला, तर ग्राहक खरेदी लांबणीवर टाकतो. ग्राहक कमी असल्यामुळे अन्य कंपन्या गेम विकसित करण्यास कचरतात आणि गेमअभावी विक्री आणखी मंदावते.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या वाटचालीत याची दोन्ही टोके दिसतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या ‘वी यू’ या कन्सोलचा ‘पिक्मिन ३’ हा महत्त्वाचा गेम लांबून २०१३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आला. ‘रेमन लेजंड्स’ केवळ याच कन्सोलसाठी येणार होता. तोही पुढे ढकलून प्रतिस्पर्धी कन्सोलवरही आणण्यात आला. नावामुळे झालेला संभ्रमही या कन्सोलला भोवला. त्याची एकूण विक्री सुमारे १ कोटी ३६ लाखांवर थांबली. आधीच्या ‘वी’ची विक्री १० कोटींहून अधिक होती.

पुढच्या ‘स्विच’च्या वेळी कंपनीने वेळापत्रक काटेकोर आखले. ३ मार्च २०१७ रोजी कन्सोलसोबतच ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला. एप्रिलमध्ये ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’, जुलैमध्ये ‘स्प्लाटून २’ आणि ऑक्टोबरमध्ये ‘सुपर मारिओ ओडिसी’ आला. ‘स्विच’ची विक्री पुढे १५ कोटींपलीकडे गेली.

मात्र, वेळापत्रक हा एकमेव निकष नव्हे. मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’ १० नोव्हेंबर २०२० रोजी भारतासह अनेक देशांत आला, तेव्हा सोबत अपेक्षित असलेला ‘हेलो इन्फिनिट’ तयार नव्हता. तो डिसेंबर २०२१ मध्ये आला. तरीही जगभर मागणीच्या तुलनेत कन्सोलचा पुरवठाच अपुरा होता. शिवाय, जुने गेम नव्या यंत्रावर चालत असल्याने नव्या गेमची उणीव काही अंशी भरून निघाली. सोनीचा ‘प्लेस्टेशन ५’ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे अमेरिकेनंतर सुमारे पावणेतीन महिन्यांनी, ४९,९९० रुपयांना उपलब्ध झाला.

या गणिताची वेगळी बाजू पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’च्या ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या गेममुळे समोर आली. भारतीय पुराणकथांवर आधारित हा गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम केवळ ‘स्विच’वर आणि १५ ऑक्टोबरला संगणक व अन्य कन्सोलवर प्रदर्शित झाला. निन्टेन्डो तेव्हा ‘स्विच’ची भारतात अधिकृत विक्री करीत नव्हती. परिणामी, पुण्यात घडलेला गेम खेळण्यासाठी बहुसंख्य भारतीयांना जवळपास दोन महिने थांबावे लागले. एखाद्या कन्सोलला मिळालेले प्राधान्य निर्मात्याला जागतिक व्यासपीठ देते, पण स्थानिक खेळाडूला ते प्रतीक्षेत ठेवू शकते.

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातील असो वा पुण्यातील, मध्यमवर्गीय कुटुंबासाठी पन्नास हजारांच्या घरातील ही खरेदी मोठी असते. त्यामुळे घोषित गेमपैकी प्रत्यक्ष किती उपलब्ध आहेत, त्यांतील किती जुन्या कन्सोलवरही चालतात आणि किती पुढे ढकलले गेले आहेत, हे तपासूनच निर्णय घेणे हितावह ठरते. निन्टेन्डोने २०११ मध्ये ‘थ्रीडीएस’ची जपानमधील किंमत सहा महिन्यांच्या आतच २५ हजारांवरून १५ हजार येनवर आणली होती, त्यानंतरच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यावर ‘मारिओ’चे दोन मोठे गेम आले. थांबलेल्या ग्राहकाला तेव्हा दोन्ही लाभ मिळाले.