देवी ठिबकते तेव्हा: सित्रोएन डीएस आणि तेलाचा रंग

बसमध्ये, लोकलमध्ये, जिथे असाल तिथून ऐका. आजची गोष्ट फ्रान्सची. जुन्या गाडीखाली पडलेल्या तेलाच्या डागाची.

5 ऑक्टोबर 1955, पॅरिसचं मोटार प्रदर्शन. सित्रोएन कंपनीने डीएस 19 दाखवली आणि पहिल्याच दिवशी सुमारे 12 हजार ऑर्डरी आल्या! फ्रेंचमध्ये ही दोन अक्षरं म्हटली की 'देएस' ऐकू येतं, म्हणजे देवी. रूप दिलं इटालियन शिल्पकार फ्लामिनियो बर्तोनी यांनी. पण मला विचाराल तर खरी कमाल पोल माझेस या इंजिनियरची. त्यांनी चाकांवरची नेहमीची स्प्रिंगच काढून टाकली. प्रत्येक चाकाला एक धातूचा गोळा दिला. त्यात एका बाजूला नायट्रोजन, मध्ये रबरी पडदा, दुसऱ्या बाजूला तेल. चाक उचकलं की तेल वायूला दाबतं, आणि तो वायूच स्प्रिंगचं काम करतो. इंजिनवर चालणारा पंप तेलाला दीडशे बारच्या आसपास दाब देतो. मागे चार माणसं बसली तरी गाडी आपली उंची सावरून घेते.

आता मेख अशी, की हेच तेल ब्रेक आणि स्टिअरिंगलाही लागतं. म्हणजे गळतीचा प्रश्न नुसत्या आरामाचा नाही.

गंमत म्हणजे थोडी गळती या गाडीत मुद्दाम ठेवलेली आहे. सस्पेन्शनच्या सिलिंडरमधून थोडं तेल झिरपतंच. ते एका रबरी बुटात जमतं आणि बारीक नळीने टाकीत परत जातं. वर्षानुवर्षांनी ते रबर कडक होतं, तडकतं आणि परतीचं तेल जमिनीवर पडतं. जुन्या डीएसखालचा डाग बऱ्याचदा एवढाच असतो. दिसायला भयंकर, पण ही बाजू कमी दाबाची.

मग शोधायचं कसं? गाडी सर्वांत वरच्या उंचीवर ठेवून, इंजिन चालू असताना टाकीतली पातळी बघायची. खूण करून आठवड्याने पुन्हा बघायची. पातळी उतरत असेल तर तेल बाहेर जातंय. सगळं पुसून खाली पुठ्ठा ठेवा, थेंब जागा दाखवतो. मात्र तेल वरून ओघळत येतं, म्हणून डागाच्या बरोबर वरचाच भाग दोषी धरू नका.

पातळी तशीच, पण गाडी पटापट खाली बसते? मग तेल आतल्या आत, झिजलेल्या भागांतून परत जातंय. (इंजिन बंद केल्यावर हळूहळू बसणं हा तिचा स्वभावच आहे, त्याला घाबरू नका.) आणखी एक खूण कानाने कळते. दाब भरला की रेग्युलेटर 'टिक' करतो. इंजिन नुसतं चालू असताना ही टिक दर काही सेकंदांनी येत असेल, तर दाब साठवणाऱ्या गोळ्यातला वायू गेलाय किंवा आत गळती आहे.

दोन गोष्टी जिवावरच्या. दाबाच्या पाइपवर बोट फिरवून गळती शोधायची नाही. सुईसारखी धार कातडीत घुसते, जखम छोटी दिसते आणि हात जाऊ शकतो. आणि पक्क्या स्टँडशिवाय या गाडीखाली शिरायचं नाही. दाब गेला की ती खाली येते.

आता रंगाचा इतिहास. सुरुवातीचं तेल वनस्पतिजन्य होतं, मग लाल रंगाचं सिंथेटिक आलं. दोन्ही हवेतली ओल शोषायची. गाडी उभी राहिली की आतून गंज! शिवाय लाल तेल जिथे गळे तिथला रंगही सोलून काढी, म्हणजे थेंब छोटा असला तरी पत्र्याचं नुकसान सुरूच. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने हिरवं खनिज तेल आणलं आणि ही कटकट बरीच मिटली. अमेरिकेतल्या गाड्यांना त्यासाठी 1969 पर्यंत थांबावं लागलं.

पण दोन तेलांची सीलं वेगळ्या रबराची. लाल प्रणालीत हिरवं ओतलं, किंवा हिरव्यात साधं ब्रेक ऑईल, की रबर फुगतं आणि एका थेंबाच्या जागी दहा गळत्या सुरू होतात. म्हणून नव्या प्रणालीचे भागच हिरवे रंगवले गेले, मेकॅनिकला बघताक्षणी कळावं म्हणून. कुठल्याही जुन्या डीएसमध्ये बाटली उघडण्याआधी आधी तो रंग बघतात.

पुढच्या भागात 22 ऑगस्ट 1962ची संध्याकाळ: पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला, टायर फुटले, आणि तरीही गाडी निसटली. भेटूच.