अंकाईच्या वाटेने गेलेला फ्रेंच प्रवासी

इंदिरानगरच्या वस्तीलगत मुंबई-आग्रा महामार्ग जातो. त्यामुळे नाशिककरांना हाच जिल्ह्याचा जुना राजमार्ग वाटणे साहजिक आहे. परंतु सतराव्या शतकात सुरतेहून दख्खनेत उतरणारी एक मोठी वाट जिल्ह्याच्या उत्तर-पूर्व भागातून जात असे. नवापूर, बागलाण, मनमाडजवळचे अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले आणि पुढे औरंगाबाद, असा तिचा मार्ग होता. तांडे, व्यापारी आणि बादशाही लष्कर यांच्या वर्दळीच्या या वाटेने १६६६ साली एक तरुण फ्रेंच प्रवासी गेला आणि अंकाईचे नाव आपल्या प्रवासवृत्तात नोंदवून गेला. त्याचे नाव जाँ द तेव्हनो.

तेव्हनोचा जन्म १६३३ मध्ये पॅरिस येथे झाला. घरची सुबत्ता होती, शिक्षणही उत्तम झाले होते. व्यापार किंवा राजकारण यांपैकी कशासाठीही तो घराबाहेर पडला नाही. जग पाहावे व समजून घ्यावे, एवढीच त्याची ओढ होती. पहिल्या मोठ्या सफरीत त्याने कॉन्स्टँटिनोपल व इजिप्त पाहिले, आणि १६५८ च्या उपवासकाळात यात्रेकरूंसमवेत तो यरुशलेमला पोहोचला. मायदेशी परतल्यावर चार वर्षे त्याने अभ्यासात घालविली. तुर्की, अरबी आणि फारसी या भाषा त्याला अवगत होत्या. १६६३ च्या अखेरीस तो पुन्हा निघाला आणि बसऱ्याहून 'होपवेल' नावाच्या जहाजाने जानेवारी १६६६ मध्ये सुरतेस उतरला.

शिवाजी महाराजांच्या स्वारीला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. शहरात तिच्या आठवणी ताज्या होत्या. तेव्हनोने महाराजांना पाहिले नव्हते. तरीही लोकांकडून ऐकून त्याने त्यांचे वर्णन केले आहे: अंगाने ठेंगणे, वर्णाने सावळे, आणि बुद्धीची चमक दाखविणारे चंचल डोळे. याच ओघात त्याने कापुचिन संघाचे सुरतेतील वरिष्ठ फादर आंब्रोज यांची हकीकत दिली आहे. गोरगरीब ख्रिस्ती लोकांवर संकट आलेले पाहून हे धर्मगुरू स्वतः महाराजांच्या भेटीस गेले आणि त्यांच्या जिवाला धक्का लागू नये, अशी विनंती त्यांनी केली. महाराजांनी त्यांचा मान राखला व त्यांना अभय दिले. बर्निये या दुसऱ्या फ्रेंच प्रवाशानेही फादर आंब्रोज यांचे निवासस्थान वाचल्याचे लिहिले आहे. एका निःशस्त्र धर्मगुरूचे धैर्य आणि एका विजयी राजाचे औदार्य, दोन्ही या साक्षींतून आपल्यापर्यंत पोहोचली.

अंकाई मागे टाकून तेव्हनो औरंगाबादेस आला. तेथून त्याने वेरूळची लेणी पाहिली. युरोपीय प्रवाशांनी केलेल्या वेरूळच्या अगदी आरंभीच्या वर्णनांत त्याच्या वर्णनाची गणना होते. हाती वेळ थोडा होता. डोंगर कोरून घडविलेली ती मंदिरे पाहून तो थक्क झाला. हे मानवी शक्तीपलीकडचे काम आहे, असे त्याला वाटले. स्थानिकांनी त्याला सांगितले की, ही लेणी राक्षसांनी घडविली. त्याने ते ऐकीव म्हणूनच नोंदविले. परक्या धर्माची ती शिल्पे, पण त्यांची थोरवी मान्य करताना त्याची लेखणी अडखळली नाही.

पुढे गोवळकोंडा आणि मच्छलीपट्टण पाहून तो सुरतेस परतला व १६६७ मध्ये इराणला गेला. इस्फहान येथे पिस्तुलाची गोळी चुकून लागून तो जखमी झाला. तशाच स्थितीत घरची वाट धरली असता २८ नोव्हेंबर १६६७ रोजी मियाना या गावी त्याचे निधन झाले. वय अवघे चौतीस. भारताविषयीचा भाग पुस्तकरूपाने १६८४ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर सतरा वर्षांनी निघाला. पुढे १९४९ साली इतिहासकार सुरेंद्रनाथ सेन यांच्या संपादनाखाली त्याचा इंग्रजी अनुवाद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने प्रसिद्ध केला.

तेव्हनोने ना एखादा नवा खंड शोधला, ना कुठे निशाण रोवले. त्याच्या काही ऐकीव गोष्टी इतिहासाच्या कसोटीला उतरत नाहीत. तथापि पाहिले ते पाहिले म्हणून आणि ऐकले ते ऐकले म्हणून लिहिण्याची शिस्त त्याच्यापाशी होती, म्हणूनच साडेतीन शतकांनंतरही त्याची पाने उपयोगी पडतात. आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणीही अशाच प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या नाहीत, तर आणखी एका पिढीनंतर त्या सांगणार कोण? नोंद राहिली म्हणून फादर आंब्रोज आज आपल्याला ठाऊक आहेत.