पनवेल तालुका : खाडी आणि घाट यांच्यामधला मुलूख (थ्रेड)

१/ पनवेल म्हटले की आज द्रुतगती मार्ग आणि वाहनांची कोंडी आठवते. पण हा तालुका वाटेवरचा झाला तो आजचा नव्हे. पश्चिमेस पनवेलची खाडी, पूर्वेस प्रबळगड-माथेरानचे डोंगर, मधून वाहणारी गाढी नदी. मुंबईचा माल होड्यांनी येथवर यावा आणि पुढे बोरघाट चढावा, ही जुनी रीत.

२/ या वाटेचा पहारेकरी कर्नाळा. अंगठ्यासारखा त्याचा सुळका दुरूनच ओळखू येतो. निजामशाही, पोर्तुगीज, मराठे, मोगल, सर्वांचाच त्यावर डोळा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हाही होता. १६७० मध्ये तो परत घेतला गेला. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला. अवघ्या २७ वर्षांनी जवळच्याच शिरढोणला वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते!

३/ १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि बंदर गजबजले. १८५२ मध्ये येथे नगरपालिकाही आली. मग १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली, पण कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडले. दिवा-पनवेल लोहमार्ग येण्यास त्यानंतर शतक उलटावे लागले.

४/ कागदावरचा जिल्हा मात्र बदलत राहिला : आधी ठाणे, १८८३ पासून कुलाबा, आणि १९८१ मध्ये त्याच कुलाब्याचे रायगड असे नामांतर.

५/ खरी उलथापालथ १९७० नंतरची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन ठरले. भातशेती आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावांना मिळणारा मोबदला तुटपुंजा होता. पनवेलचे आमदार राहिलेले दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले. जानेवारी १९८४ मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात, जासई परिसरात, पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातूनच आली. पनवेलच्या इतिहासात किल्ल्यांइतकीच जागा या पाच जणांना हवी.

६/ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तालुक्यातील विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, टेकडी कापली, गावे उठली. धावपट्टीच्या जागी पूर्वी शेते आणि खाजण होते. विमानतळास दि. बां.चे नाव द्यावे, ही भूमिपुत्रांची मागणी उद्घाटनाच्याही आधीपासूनची आहे.